टोकाचा माणूस

१

गुरुवार हा चाकणच्या कारखान्यांचा रविवार. प्रेस थंड, कॅन्टीनला कुलूप, गेटवर एक सिक्युरिटीवाला आणि त्याचा मोबाईल. बाकीच्यांचं काम थांबलं की ज्यांचं सुरू होतं, अशांपैकी धम्मपाल ओव्हाळ एक. जमिनीखालून गेलेल्या जाड केबली अजून धड आहेत का, हे तो तपासायचा. तारेभोवतीचं इन्सुलेशन वरून कितीही धडधाकट दिसलं तरी आतून कुठे पिचलंय ते डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी केबलला रोजच्यापेक्षा जास्त दाब द्यायचा आणि ती किती गळते ते बघायचं. माणसाचंही तसंच असतं, असं त्याची बायको म्हणायची आणि तो तिच्यावर चिडायचा.

चिडायला त्याला कारण लागायचं नाही, पण त्या दिवशी कारणं रांगेत उभी होती. पहिलं म्हणजे गणराज. गणराज हा टेस्टिंगची कामं घेणारा ठेकेदार, धम्मपालचा मालक, वयाने त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. सकाळी सात वाजता त्याचा फोन आला होता की दुसरा माणूस मिळाला नाही, तू एकटाच जा, कंपनीतलं कोणीतरी उभं राहील दुसऱ्या टोकाला.

हे दुसरं टोक म्हणजे काय, ते सांगायला हवं. केबलच्या एका टोकाला यंत्र आणि यंत्राजवळ टेस्टिंगवाला. दुसरं टोक चारशे मीटर लांब, दुसऱ्या इमारतीत, भिंतीआड. तिथे केबलची तिन्ही टोकं उघडी लोंबत असतात, लाल, पिवळा आणि निळा फेज. इकडे बटण दाबलं की तिकडच्या त्या नागड्या टोकावर तीस हजार व्होल्ट उभे राहतात, आणि दिसत काहीच नाही. म्हणून तिथे दाराबाहेर एक माणूस उभा करायचा. त्याला या धंद्यात टोकाचा माणूस म्हणतात. त्याचं काम एवढंच की आत कोणाला जाऊ द्यायचं नाही आणि स्वतः जायचं नाही. प्रत्येक फेजच्या आधी वॉकी-टॉकीवर विचारायचं, "टोक मोकळं?" त्याने आत नजर टाकून सांगायचं, "मोकळं." मग बटण. तीन फेज, तीनदा प्रश्न, तीनदा उत्तर. पोरखेळ वाटतो, पण धंदा त्यावर चालतो.

त्या दिवशी टोकाला उभी राहिली ती योगिनी, कंपनीची मेंटेनन्स इंजिनिअर. तिशीची, रावेतहून स्कूटरवर आलेली, सुट्टीच्या दिवशी बोलावलं म्हणून तीही धुसफुसत होती.

"मॅडम, कुलूप स्वतः लावा आणि किल्ली खिशात ठेवा," धम्मपाल म्हणाला. "दर वेळी मी विचारीन. दर वेळी आत बघून उत्तर द्या. पाठ केल्यासारखं नको."

"सर, मला नियम माहीत आहेत."

"सगळ्यांनाच माहीत असतात," तो म्हणाला आणि वायरी सोडवायला खाली वाकला. हे जरा कडवट झालं हे त्यालाही कळलं, पण माफी मागायचा त्याचा स्वभाव नव्हता.

दोन वर्षांनी तो या यंत्रासमोर बसत होता. मधली दोन वर्षं त्याने छोटी छोटी तपासणीची कामं केली, हा मोठ्या दाबाचा संच टाळला. गणराजने आज पर्यायच ठेवला नव्हता. उद्या पहिल्या शिफ्टला लाईन सुरू व्हायला हवी, रिपोर्ट दुपारपर्यंत हवा.

२

लाल फेज नीट गेला. प्रश्न, उत्तर, बटण. गळती दाखवणारा काटा अठरावर येऊन बसला आणि पंधरा मिनिटं तिथेच राहिला. दाब उतरवून त्याने लांब दांडीचा डिस्चार्ज रॉड तारेला लावला, तेव्हा चट असा आवाज झाला. केबल आपल्या पोटात वीज धरून ठेवते. यंत्र बंद केलं तरी ती मेलेली नसते, रॉड लावून तिला रिकामं करावं लागतं. तो चट ऐकल्याशिवाय धम्मपाल तारेला बोट लावत नसे.

वायर पिवळ्या फेजला जोडून त्याने वॉकी उचलला.

"टोक मो..."

"मोकळं."

उत्तर प्रश्नाच्या आधीच आलं. त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"मॅडम, प्रश्न तर पूर्ण होऊ द्या. टोक मोकळं?"

थोडा वेळ खरखर. मग योगिनीचा आवाज, स्पष्ट, जरा तुटक. "हो. आत बघितलं. टोक मोकळं आहे."

त्याने बटण दाबलं. काटा चढला, अठरावर बसला. सबस्टेशनच्या खोलीत पंखा बंद होता, पत्रा तापायला लागला होता, बाहेर कुठेतरी एक कबूतर घुमत होतं. पाच मिनिटं झाली. सहाव्या मिनिटाला काटा हलला.

वाईट केबल कशी जाते ते धम्मपालने शेकडो वेळा पाहिलं होतं. ती एकदम जाते. काटा उडी मारतो, फाट आवाज होतो, यंत्र ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. हा काटा तसा गेला नाही. तो सावकाश उठला. वीस. पंचवीस. तिथे थबकला, पुन्हा उठला. अंधारात भिंतीवरचं बटण चाचपताना हात जसा आधी नुसता टेकतो आणि मग दाबतो, तसा. चाळीस. मग यंत्राने खटकन स्वतःला तोडलं.

"मॅडम, कोणी आत गेलं का?"

"नाही. मी इथेच उभी आहे. का?"

"कुलूप?"

"लावलेलं आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. झालं काय?"

त्याने रॉड घेतला, पिवळ्या तारेला लावला आणि चट ऐकायला कान दिला. चट झालाच नाही. त्याने रॉड उचलून पुन्हा टेकवला, घासला. काही नाही. केबल रिकामी होती. आत धरलेली सगळी वीज कोणीतरी आधीच काढून घेतली होती.

कोणीतरी कसलं, त्याने स्वतःला झापलं. इन्सुलेशन फाटलं असेल, तिथून सगळी जमिनीत गेली. सरळ हिशेब आहे, शाळेतल्या पोराला कळेल. त्याने छोटं मेगर काढलं आणि इन्सुलेशन पाचशे व्होल्टवर मोजलं. फाटलेली केबल मेगरवर ताबडतोब पकडली जाते. मेगर म्हणालं, केबल उत्तम आहे. नव्यासारखी.

त्याने मेगर हलवलं, वायरी बदलल्या, पुन्हा मोजलं. नव्यासारखी.

३

फोन वाजला. गणराज.

"काय झालं रे? कुठपर्यंत आलं?"

"पिवळा ट्रिप झाला, शेठ."

"मेगर काय म्हणतंय?"

"चांगलं दाखवतंय."

"मग टोकाला दमट हवा लागली असेल. रिसेट मार आणि पुन्हा घे. एकदा ट्रिप झालं म्हणून काय वाजवत बसायचं भावा? दोन वाजता मला रिपोर्ट हवा."

धम्मपालने फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. रिसेट मार. केबलला पुन्हा दाब दे असं सांगणारे हे दोन शब्द हा माणूस पुन्हा उच्चारू शकतो, तेही त्याच सुरात, याचा त्याला संताप आला.

दोन वर्षांपूर्वी, म्हाळुंग्याच्या एका कंपनीत, असाच गुरुवार होता. टोकाचा माणूस होता साहेबराव. परभणीकडचा, धम्मपालपेक्षा चार वर्षांनी मोठा, अकरा वर्षं जोडीला. अकरा वर्षांत दोघांनी एकमेकांचे डबे खाल्ले, एकमेकांच्या घरच्या लग्नांत वाढपी झाले. आणि अकरा वर्षांत त्यांनी एक शॉर्टकट काढला होता. दर फेजला विचारायचं कशाला, परक्यासारखं? साहेबराव सकाळीच सांगायचा, "तिन्ही मोकळं बघ धम्मा. दिवसभर मोकळं. चालू दे." आणि धम्मपाल चालू द्यायचा. कधी विचारलंच तर प्रश्न संपायच्या आधी उत्तर तयार असायचं. ही चूक नवख्या माणसाकडून होत नाही. नवखा भीतभीत तीनदा विचारतो. ही भरवशाची चूक, जुन्या दोस्तांचीच होते.

त्या दिवशी लाल झाला. दमट हवा लागू नये म्हणून निळ्या टोकावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी सरकली, तेव्हा साहेबराव आत शिरला, स्टुलावर चढला. तोल सांभाळायला त्याने पिवळं टोक धरलं. पिवळा सुरू व्हायला अवकाश आहे असं त्याला वाटलं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. धम्मपालने बटण दाबलं. काटा उठला, यंत्र ट्रिप झालं. आणि मग वॉकीवर आवाज आला. श्वासाचा. घशात अडकलेला, ओढून घेतलेला श्वास, दोनदा, तीनदा, आणि शब्दाची सुरुवात व्हावी तसं काहीतरी. गणराज त्याच्या शेजारीच उभा होता. त्यानेही ऐकलं. धम्मपालने बोलायला वॉकीचं बटण दाबून धरलं.

"खरखर आहे. रिसेट मार," गणराज म्हणाला.

धम्मपालने रिसेट मारला.

चौकशी समितीने लिहिलं की मृत व्यक्तीने मोकळं असल्याचा इशारा दिल्यानंतर स्वतःहून आत प्रवेश केला. मानवी चूक. खाली साक्षीदार म्हणून दोन सह्या, गणराजची आणि धम्मपालची. श्वासाबद्दल दोघांपैकी कोणी तोंडातून ब्र काढला नाही, समितीपुढे नाही आणि एकमेकांपुढेही नाही.

तेराव्याला साहेबरावची बायको कस्तुरा त्याला बाजूला घेऊन म्हणाली होती, "भाऊजी, एकच सांगा. एकदम गेले का?"

"एकदम," धम्मपाल म्हणाला होता. "कळलंसुद्धा नाही त्याला, वहिनी."

ती त्या उत्तरावर दोन वर्षं जगत होती. कासारवाडीला चाळीत राहायची, पोळ्या लाटायची. तो दर महिन्याला जायचा, चहा प्यायचा आणि घरी येताना रिक्षावाल्याशी भांडायचा.

"ऐकतोयस ना?" फोनमधून गणराज म्हणाला.

"रिसेट मारणार नाही," धम्मपाल म्हणाला. "आधी टोक बघणार."

"अरे बघायचं काय त्यात?"

त्याने फोन कापला.

४

चारशे मीटर चालताना त्याने स्वतःला बरंच काही समजावलं. साहेबराव या कंपनीत जन्मात कधी आला नव्हता. ती केबल वेगळी, हा कारखाना वेगळा. यंत्र दोन वर्षं पडून होतं, त्याचा काटा बिघडला असेल. टोकाच्या खोलीत मांजर शिरलं असेल, मांजरं शिरतात, एकदा घोणस निघाली होती. कंत्राटाचा एखादा कामगार आत झोपला असेल. हे शेवटचं कारण त्याला एवढं पटलं की तो मनातल्या मनात त्या कामगाराला शिव्या घालायला लागला.

योगिनी दाराबाहेर उभी होती. पॅनल रूमला जाळीचा दरवाजा, त्याला बाहेरून कुलूप. तिने किल्ली दिली.

खोली लहान होती. एका भिंतीला पॅनलची कपाटं, समोर काळी रबरी चटई, कोपऱ्यात एक लाकडी स्टूल. खिडकी नाही. छताला लोखंडी पट्टी आणि तिच्यावरून खाली आलेली केबलची तीन टोकं, एकमेकांपासून हातभर लांब बांधलेली. धम्मपालने प्रत्येक कपाट उघडलं, मागे टॉर्च मारला. मांजर नाही, कामगार नाही. उंदराची लेंडीसुद्धा नाही.

मग त्याने टोकांवर टॉर्च मारला. लाल टोकावर धूळ होती, बारीक, करडी, कारखान्यात सगळीकडे बसते तशी. निळ्यावरही होती. पिवळं टोक लखलखीत होतं. घामेजल्या तळहाताने घट्ट धरून सोडलेल्या दांड्यासारखं.

"हे तुम्ही पुसलं का?"

"मी आत पाऊलही टाकलं नाही," योगिनी म्हणाली. तिचा आवाज चढला. "सर, तुम्ही सकाळपासून माझ्यावर संशय घेताय. मी सहा वर्षं हे काम करतेय. तुम्ही विचारलंत तेव्हा मी प्रत्येक वेळी बघूनच उत्तर दिलं. एकदा लाल, एकदा पिवळा."

"पिवळ्याला दोनदा."

"एकदाच."

"पहिल्यांदा तुम्ही माझं वाक्य तोडून मोकळं म्हणालात."

ती त्याच्याकडे बघायला लागली. "तेव्हा मी कुलूप ओढून बघत होते. वॉकी पट्ट्याला होता. तुम्ही 'टोक' एवढं म्हणालात आणि मग लगेच मला बोललात की प्रश्न पूर्ण होऊ द्या. मला वाटलं, तुम्ही कोणा दुसऱ्याला बोलताय."

बाहेर उन्हात एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याची पिपाणी वाजत होती. धम्मपालने पिवळ्या टोकावर पुन्हा टॉर्च मारला. भीती वाटायला हवी होती, पण आधी राग आला, आणि तो साहेबरावचा आला. अकरा वर्षं एका ताटात जेवलो आणि तुला दोन मिनिटं थांबता आलं नाही. पिशवी सरकली होती तर सरकू द्यायची होती. एक शब्द टाकायचा होतास की आत जातोय म्हणून. तू गेलास आणि मला इथे ठेवलंस, त्या गणराजच्या हाताखाली, तुझ्या बायकोच्या घरचा चहा प्यायला.

"सर, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मॅडम, तुम्ही यंत्रावर जा," तो म्हणाला. "टोकाला मी उभा राहतो."

"असं चालतं?"

"वायरी मी जोडल्यात. दाब सावकाश चढवायचा, पंधरा मिनिटं काट्यावर नजर ठेवायची. आणि एक लक्षात ठेवा. ट्रिप झालं तर मी सांगितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. कोणीही सांगू दे, देव आला तरी नाही."

तिला तिथे उभं ठेवून तो बटण दाबणार नव्हता, एवढं नक्की होतं. पुन्हा एका माणसाला या टोकाला ठेवून, लांबून काट्याकडे बघत बसायची त्याच्यात ताकद नव्हती. आणि त्याला बघायचंही होतं. जे काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघायचं आणि मग त्याच्या तोंडावर शिव्या द्यायच्या.

५

त्याने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली मुठीत धरली. स्टूल कोपऱ्यात होतं. टोकं लोंबत होती. पावणेबारा झाले होते आणि दारातून उन्हाचा एक पट्टा चटईपर्यंत आत गेला होता.

"टोक मोकळं?" वॉकीवर योगिनीने विचारलं.

त्याने वाट पाहिली. दुसरं कोणी उत्तर देतंय का, याची. कोणी दिलं नाही. त्याने खोलीचा कोपरा न् कोपरा नजरेखालून घातला.

"मोकळं," तो म्हणाला.

"दाब देतेय."

काही दिसलं नाही. दिसत नाहीच. पिवळ्या टोकाजवळ हलकीशी शिरशिर ऐकू येत होती, ती नेहमीचीच. हातावरचे केस उभे राहिले, तेही नेहमीचंच. पहिलं मिनिट, दुसरं. योगिनी मधूनमधून आकडा सांगत होती. अठरा. अठरा. चौथ्या मिनिटाला त्याला स्वतःचंच हसू यायला लागलं. चांगला सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, उन्हात उभा राहून रिकाम्या खोलीला घाबरतोय.

"वीस," योगिनी म्हणाली. "सर, वाढतंय."

त्याने घड्याळाकडे बघितलं होतं, तेवढाच वेळ. मान वर केली तेव्हा स्टूल कोपऱ्यात नव्हतं. ते टोकांखाली होतं.

"पंचवीस. तीस."

स्टुलावर माणूस उभा होता. पाठमोरा. करडा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला, पँटच्या मागच्या खिशात टेस्टर. मान त्याला ओळखीची होती. अकरा वर्षं मोटरसायकलवर मागे बसून जी मान बघितली, ती कशी विसरेल. उजवा हात वर होता आणि पिवळ्या टोकाला चिकटला होता.

"ट्रिप झालं," योगिनी म्हणाली.

माणूस पडला नाही. खांदा वर झाला, खाली आला. पुन्हा वर झाला. श्वास ओढल्याचा आवाज जाळीतून येत होता आणि त्याच क्षणी धम्मपालच्या हातातल्या वॉकीतूनही येत होता, दोन वर्षांपूर्वी आला होता तसाच.

"सर? ट्रिप झालंय. तुमच्या बाजूने काहीतरी खरखर येतेय. तुमचे शेठ माझ्या फोनवर आहेत. रिसेट मारा म्हणतायत. मारू?"

माणसाने मान वळवली. पूर्ण नाही, चेहरा दिसेल इतकी नाही. फक्त एक कान वॉकीच्या दिशेने झाला. आपल्याबद्दल दुसरीकडे काय ठरतंय, ते ऐकू येण्यापुरती. धम्मपालला कळलं की त्या दिवशीही त्याने असंच ऐकलं होतं. वॉकी त्याच्या पट्ट्याला होता. गणराजचा आवाज त्याने ऐकला होता. आणि त्यानंतर धम्मपाल काय म्हणतो याची तो वाट बघत होता.

 त्याने वॉकी तोंडाजवळ नेला.

"सर? ते फार ओरडतायत. मारू का रिसेट?"

"नको." आवाज फाटून आला. "मॅडम, बटणापासून हात काढा. रिसेट मारायचा नाही. टोकावर माणूस आहे."

"कोण माणूस?"

"माझा माणूस आहे. रॉड लावा. आधी रॉड लावा."

वॉकी तिकडे चालूच राहिला असावा, कारण चट त्याला स्वच्छ ऐकू आला. मग दुसरं काही नाही. योगिनी फोनवर कोणाला तरी खडसावत होती, तेवढं लांबून ऐकू येत होतं. "नाही मारणार म्हणजे नाही मारणार. कंपनी माझी आहे, तुम्ही आवाज खाली करा."

६

दोन वर्षं त्याने मनात हजारदा हेच केलं होतं. रिसेट मारला नाही, माणूस आहे म्हणून ओरडला, धावत गेला, साहेबरावला खाली घेतलं. त्याला वाटायचं की एवढं झालं असतं तर सगळं मिटलं असतं.

मिटलं नाही. स्टुलावरचा माणूस तिथेच होता. केबल रिकामी झाली होती, धोका संपला होता, किल्ली धम्मपालच्या मुठीत होती. कुलूप काढायचं, चार पावलं आत टाकायची, कमरेला धरून खाली घ्यायचं. माणसाचा डावा हात मागे आला होता, थोडासा, कोणीतरी धरेल म्हणून. धम्मपालने किल्ली कुलपाला लावलीही. फिरवली मात्र नाही. आयुष्यभर जगावर खेकसणारा माणूस, आणि त्याला ती फिरवता आली नाही. जर तो वळला तर, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

शेवटी त्याने जे जमलं ते केलं. खिशातून फोन काढला आणि कस्तुराला लावला.

"बोला भाऊजी," ती म्हणाली. मागे लाटण्याचा आवाज होता.

"वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोललो." तो जाळीतून नजर काढत नव्हता. "साहेबराव एकदम गेला नाही. पहिल्या झटक्याला यंत्र बंद पडलं, तेव्हा तो जिवंत होता. मला श्वास ऐकू आला होता. गणराज म्हणाला रिसेट मार. मी मारला. माझ्या हाताने मारला. समितीला सांगितलं नाही, तुम्हाला सांगितलं नाही."

लाटणं थांबलं. 

"त्यांच्या तळहातावर दोन डाग व्हते," कस्तुरा म्हणाली. "एकावर एक, जरा सरकून. मीच धुतला व्हता हात. एका झटक्याला दोन डाग कशे, म्हणून तुमाला इचारलं मी. तुमी एकदम म्हणालात. मला वाटलं, मीच याडी."

"वहिनी..."

"दोन वर्सं माझ्या दारात बसून च्या प्यालात तुमी. माझ्या हातचा. लोक म्हनायचे, त्याच्याच चुकीनं मेला. माझी लेक शाळंत ऐकून यायची ते. तवा तुमी समोरच बसलेले असायचे, कपात बघत." ती ओरडत नव्हती. तिने ओरडलेलं त्याला परवडलं असतं. "आता का सांगताय? आज काय झालं?"

 लांबून योगिनी पळत येताना दिसत होती, हातात रॉड तसाच होता.

"बरं, एक सांगा," कस्तुरा म्हणाली. "आता खरं सांगा. त्या झटक्यानंतर किती येळ व्हते ते जित्ते?"

धम्मपालने जाळीतून आत बघितलं. खांदा वर झाला, खाली आला. मागे आलेला हात अजून तसाच उघडा होता.

"अजून आहे, वहिनी," तो म्हणाला.